होलोडेक, जॉर्डी आणि ‘चूक वापरणाऱ्याचीच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेतल्या होलोडेकवर, म्हणजे तोंडी आज्ञेवर हवी ती दृश्यं आणि पात्रं उभी करणाऱ्या खोलीवर, मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘द नेक्स्ट जनरेशन’ या तिच्या पुढच्या मालिकेत शेरलॉक होम्सचा शत्रू मोरिआर्टी होलोडेकवर अवतरतो, त्या १९८८ मधल्या भागात यंत्र बिघडलंच नव्हतं. अभियंता जॉर्डीने आज्ञा चुकीची दिली, यंत्राने ती इमानेइतबारे पाळली, सबब दोष जॉर्डीचा. शिवाय कथेला संकट लागतंच हे मला कळत नाही, आणि त्याच मालिकेतल्या बुजऱ्या बार्कलीसारख्या वेंधळ्यांना मी डोक्यावर घेतो. शेवटी हे वाक्य: ‘लेखकाने आयुष्यात कधी यंत्राला हात लावलेला दिसत नाही, म्हणून ऑपरेटरचा एवढा कळवळा.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, त्याने आयुष्यात काय केलं आणि काय नाही हे परस्पर ठरवून टाकायचं, ही कुठली पद्धत? आता विषय काढलाच आहात तर ऐका.

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. माझ्याकडे प्रेस शॉप होतं. पत्रा ठोकून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे डायखाली, साच्याखाली, हात राहत नाही. आमच्याकडच्या एका प्रेसचं एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. कारण शिफ्टचं टार्गेट दोन्ही हात वापरून पुरं होणारं नव्हतं, आणि हे ऑपरेटरपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. इन्क्वायरीत लिहिलं गेलं, ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा’. दर ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा ठोका पडणारच नाही, अशी जोडणी त्या काळीही करता येत होती. तशी असती तर पाचर मारून उपयोगच झाला नसता. तो कागद मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. त्यात जोडणीबद्दल एक ओळ नव्हती, टार्गेटबद्दल अर्धी ओळ नव्हती. तेव्हा ऑपरेटरचा कळवळा मला कुठून येतो, हे तुम्ही मला शिकवू नका.

एक गोष्ट मान्य करतो. जॉर्डी काही नवखा प्रवासी नाही, तो एन्टरप्राइझ या अंतराळजहाजाचा मुख्य अभियंता आहे. त्याने जपून बोलायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. पण त्यापुढे काय घडलं ते पाहा. होलोडेकवर डेटा हा यंत्रमानव होम्सची भूमिका करत होता; होम्सला हरवणारा प्रतिस्पर्धी मागण्याऐवजी डेटाला हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी त्याने मागितला. खेळ रंगावा म्हणून बोललेलं एक वाक्य. त्यावर यंत्राने काय केलं? नाटकातल्या पात्राला जाणीव दिली, आणि ते पात्र जहाजच हादरवू लागेल इतकी सत्ता त्याच्या हाती जाऊ दिली. ‘यासाठी जहाजाची सुरक्षा बाजूला ठेवावी लागेल, ठेवू का?’ एवढंही विचारलं नाही. याला तुम्ही आज्ञापालन म्हणता. मेंटेनन्सचा कुठलाही माणूस याला सदोष यंत्र म्हणेल.

आणि मालिकेच्या लेखकांना अशी अडवणूक सुचलीच नसेल म्हणावं, तर तसंही नाही. त्याच वर्षीच्या ‘११००१००१’ या भागात जहाजाचा स्वतःहून स्फोट घडवायचा ठरतो, तेव्हा कॅप्टन पिकार्ड आणि त्याचा दुय्यम अधिकारी रायकर दोघांनी मिळून संमती द्यावी लागते. एकट्या कॅप्टनच्या शब्दाला तिथे किंमत नाही. ही आमच्या प्रेसचीच दोन बटणं झाली. मग होलोडेकला ती का नाहीत?

माझ्या लेखाचा मुद्दा हाच होता आणि तो तुम्ही वाचलाच नाहीत. अनेक लेखक मिळून एकच विश्व चालवतात, तेव्हा यंत्र ही सामायिक मालमत्ता असते. होलोडेक सदोष ठरवून कुलूप लावलं, तर पुढच्या लेखकाची गोष्ट बुडते. म्हणून दोष माणसावर जातो. माणसाला भाग संपेपर्यंत माफ करता येतं, आणि यंत्र पुढच्या आठवड्याला जसंच्या तसं हजर. १९९२ च्या एका भागात हेच होलोडेक पुन्हा जिवावर उठतं, तरी ते बंद करा असं कोणी म्हणत नाही. कथेला संकट लागतं हे मलाही कळतं. संकटाची जबाबदारी दर वेळी कोणाच्या गळ्यात पडते, ते मी विचारत होतो.

‘स्टार वॉर्स’मध्येही तेच झालं. १९७७ च्या चित्रपटात डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या महाकाय अंतराळतळाला एक कमकुवत झरोका होता, साम्राज्याच्या उर्मट अभियांत्रिकीची सरळ चूक. २०१६ मध्ये दुसऱ्या लेखकांनी ती एका माणसाने मुद्दाम ठेवलेली खोट करून टाकली. ती गोष्ट चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण एवढं अवाढव्य यंत्र नुसतं वाईट बांधलेलं असू शकतं, ही शक्यता तिथून गेली.

खऱ्या जगात हा वाद कधीच पुढे गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानं उतरल्यावर वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या झडपांऐवजी) चाकंच वर घेत, आणि अहवालात ‘वैमानिकाची चूक’ लिहिलं जाई. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके सारखेच आणि शेजारीशेजारी. चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवली, आणि तो प्रकार थांबला. वैमानिक तेच होते.

राहता राहिला बार्कली. १९९० च्या ज्या भागात तो पहिल्यांदा येतो, त्यात जहाजावर एकामागून एक बिघाड होतात आणि त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत वाईट असतं. बिघाडाचं मूळ निघतं एका फुटलेल्या डब्यातून बाहेर पडलेल्या पदार्थात. आपल्यापैकीच कोणीतरी हा बिघाड जिकडेतिकडे नेत असावं, हा दुवाही सुचवतो बार्कलीच. वेंधळा म्हणण्याआधी तो भाग पाहायचे कष्ट घ्यायला हवे होते.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं काही त्यांत दिसलं नाही. पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा, पण मी काय काम केलं याचे अंदाज बांधत बसू नका. जहाज उडवायला दोन अधिकारी लागतात आणि मोरिआर्टी जन्माला घालायला एक वाक्य पुरतं, यात जॉर्डीचा दोष नेमका किती, तेवढं सांगा.