अल्ब्रेक्टला काढलंत, मग उरलं काय?

काल रात्री 'द क्रो'चा रिमेक बघितला. २०२४चा, रूपर्ट सँडर्सचा. इतके दिवस मुद्दाम टाळला होता. काल घरातले सगळे झोपले होते, समोर नाव दिसलं आणि लावला. तेव्हापासून जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. सकाळपासून दोघांना ऐकवून झालं, आता तुम्ही ऐका.

माझ्या इथल्या निम्म्या मंडळींना मूळ सिनेमा पाठ आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९९४, दिग्दर्शक अॅलेक्स प्रोयास. डेट्रॉइट शहर, हॅलोविनची आदली रात्र. एरिक आणि शेलीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. इमारतीतल्या भाडेकरूंना हुसकावून लावतायत म्हणून शेलीने आवाज उठवलेला असतो, आणि त्यासाठी गुंड घरात घुसतात. एरिक त्याच रात्री मरतो. शेली मात्र लगेच मरत नाही. वर्षभराने एक कावळा एरिकला थडग्यातून उठवतो आणि तो एकेकाला गाठत जातो.

सूडकथाच आहे, त्यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यांनी तो सिनेमा विशीच्या आत रात्री अंधारात बघितलाय त्यांना माहीत आहे की आपण सूडासाठी तो बघत नव्हतो.

त्यात अल्ब्रेक्ट नावाचा एक साधा पोलिसवाला आहे. अर्नी हडसनने केलेला. हा माणूस हिरो नाही, त्याने कुणाला वाचवलेलं नाही. त्याने एकच केलं, हॉस्पिटलात शेली जीव सोडेपर्यंत तिच्याजवळ थांबला. तीस तास. नंतर एरिक त्याच्या घरी येतो, त्याच्या डोक्याला हात लावतो, आणि त्या तीस तासांत अल्ब्रेक्टने जे जे बघितलं ते सगळं एरिकच्या आत उतरतं. शेवटी हेच तीस तास एरिक खलनायक टॉप डॉलरच्या अंगात उतरवतो. टॉप डॉलरला खरा मारतो तो शेलीचा त्रास. आणि तो त्रास पोचला कसा? एक माणूस तिच्या उशाशी बसून होता म्हणून.

रिमेकमध्ये अल्ब्रेक्ट नाही.

सारासुद्धा नाही! स्केटबोर्डवर फिरणारी, आईने वाऱ्यावर सोडलेली, एरिक-शेलीच्या घरालाच आपलं घर मानणारी ती पोर. जिच्या आवाजात सिनेमा सुरू होतो आणि संपतो. तिला उडवलं. मग त्या दोघांच्या मरणाचं दुःख करणारं त्या अख्ख्या शहरात राहिलं कोण?

आता मी हे इतकं मनाला का लावून घेतेय ते सांगते. हॉस्टेलला माझी एक रूममेट होती. तिचा मोठा भाऊ अचानक गेला. ही पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. परत आली तेव्हा बोलत नव्हती, जेवत नव्हती. एका रात्री स्वतःहून म्हणाली, तो कावळ्याचा सिनेमा लाव. मला भीती वाटली, यात नुसती मरणंच आहेत, हिला कसं झेपणार? पण लावला. अल्ब्रेक्टचा तो प्रसंग आला आणि तिने थांबवायला सांगितलं. पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे ती एकटी नव्हती." मग मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा बघितला. नंतर हळूहळू तिने सांगितलं की भावाच्या वॉर्डातली एक सिस्टर ड्यूटी संपल्यावरही त्याच्याजवळ बसून राहिली होती. हिला ते कळलं होतं, पण तोवर तिने ते कुणाजवळ बोललं नव्हतं.

काल रिमेक बघताना मी सारखी त्या प्रसंगाची वाट बघत होते. आत्ता येईल, मग येईल. त्याऐवजी काय आलं? सैतानाशी करार केलेला, शतकानुशतकं जगणारा श्रीमंत म्हातारा. एक व्हिडिओ, ज्याच्यासाठी सगळे शेलीच्या मागे. आणि मरण-जगण्याच्या मधल्या जागेत उभा असलेला एक माणूस, जो एरिकला नियम समजावून सांगतो. प्रेम शुद्ध असेल तोवर तू मरणार नाहीस, शंका आली की संपलास. अरे, प्रेम म्हणजे काय बॅटरी आहे, चार्ज उतरला की बंद पडायला?

मान्य करते, शेलीला नव्या सिनेमात जास्त वेळ दिलाय. जुन्यात ती आठवणींपुरतीच दिसते, हा आक्षेप जुना आहे आणि खोटा नाही. ऑपेरा हाउसमधली ती कत्तल चांगली घेतलीय, तेही ठीक. नवा एरिक झालेल्या बिल स्कार्सगार्डने जीव ओतलाय, त्याच्यावर माझा राग नाही.

पण शेवट! शेवट बघितला आणि मी अक्षरशः उठून उभी राहिले. शेली परत जिवंत होते. एरिक स्वतःचा आत्मा देऊन तिला सोडवून आणतो. म्हणजे मरण रद्द. सौदा केला की माणूस परत मिळतो. माझी रूममेट हे बघत असती तर तिला काय सांगणार होतात? की तुझ्या भावावर तुझं प्रेम जरा कमी पडलं? जुन्या सिनेमात कुणीही परत येत नाही. एरिकसुद्धा थोड्या वेळापुरता येतो आणि शेली त्याला न्यायला येते. म्हणूनच तर तो धीर देणारा होता, कारण तो खोटं बोलला नाही.

आणि ज्या दुःखातून ही गोष्ट आली त्याचा तरी मान ठेवायचा. जेम्स ओ'बारची होणारी बायको दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने मारली. त्या माणसाने ते कागदावर काढलं, १९८९मध्ये 'द क्रो'चं कॉमिक आलं. मग सिनेमा करताना एरिक झालेला ब्रँडन ली गेला. ३१ मार्च १९९३, वय २८. एरिकच्याच खुनाचा प्रसंग चित्रित होत होता. आधी वापरलेल्या खोट्या काडतुसाच्या गोळीचा तुकडा नळीत अडकून राहिला होता, कुणी तपासलं नाही, आणि नंतरच्या ब्लँकच्या, म्हणजे गोळी नसलेल्या काडतुसाच्या, बाराने तो बाहेर पडला. थोड्याच दिवसांत त्याचं लग्न होतं. त्याची आई आणि होणारी बायको एलायझा हटन पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून सिनेमा पुरा झाला. राहिलेले प्रसंग डबल वापरून केले, काही ठिकाणी संगणकावर त्याचा चेहरा बसवला. सिनेमाच्या शेवटी दोन नावं येतात, ब्रँडन आणि एलायझा. ती दोन नावं वाचून ज्याचा घसा दाटला नाही त्याने रिमेक खुशाल करावा, माझं काही म्हणणं नाही.

हो, तीन सीक्वेल आधीच निघाले होते, १९९६, २०००, २००५. त्यांनीही पैशासाठीच केलं होतं. पण त्यांनी निदान दुसऱ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. एरिक आणि शेलीला हात लावला नव्हता.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगू का, मला आता त्या अंड्यांची आठवण येतेय. साराची आई डार्ला, नशेच्या आहारी गेलेली. एरिक तिचा दंड दाबतो आणि तिच्या अंगातलं मॉर्फिन सुईच्या भोकांतून बाहेर वाहतं. दुसऱ्या सकाळी ती गॅससमोर उभी राहून लेकीसाठी अंडी तळत असते. अवघडलेली, हे आपल्याला जमतंय का याची खात्री नसलेली. सारा संशयानेच बघते. एवढ्या काळ्या, पावसाने भिजलेल्या सिनेमात मधेच हे. गोळ्या नाहीत, आग नाही, शेलीचा सूड घ्यायला आलेला माणूस जाता जाता एका पोरीला तिची आई परत देऊन जातो. छोट्या गोष्टी छोट्या नसतात असं एरिक अल्ब्रेक्टला म्हणतो, आणि सिनेमा ते करून दाखवतो. रिमेकमध्ये शेली सोडली तर एरिकने मारल्याशिवाय कुणासाठी काही केल्याचं मला आठवत नाही.

रूममेटला सकाळी मेसेज केला होता, बघितलास का म्हणून. तिचं उत्तर आलं, "अल्ब्रेक्ट कोणी केलाय?" मी सांगितलं, काढून टाकलाय. त्यावर तिने फक्त "मग नको" लिहिलं. इथे कमेंटमध्ये "तुम्हा लोकांना जुनं ते सगळं सोनं वाटतं" लिहायला येणाऱ्यांनी आधी १९९४चा पूर्ण बघून यावं, फोन बाजूला ठेवून, आणि मग माझ्याशी भांडावं. शुक्रवारी रात्री आम्ही दोघी तोच लावणार आहोत, ज्यांना सोबत बघायचाय त्यांनी सांगा.