'चीनमध्ये व्हीपीएन टाका, झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "चीनमधली सेन्सॉरशिप नावालाच आहे. आपले व्यापारी कँटन फेअरला जातात, त्यांचं गुगल मजेत चालतं. नाहीच चाललं तर डीएनएस बदला, नाहीतर व्हीपीएन टाका."

"गुगल चालतं." चालतं, कारण सिम भारतातलं असतं. रोमिंगचा डेटा चिनी नेटवर्कवरून सरळ इंटरनेटवर जात नाही. तो आधी भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून बाहेर पडतो. त्याच फोनला हॉटेलचं साधं वायफाय लावा, गुगल गायब.

"डीएनएस बदला." डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ती बदलून उपयोग शून्य. चीनची फायरवॉल, म्हणजे देशाबाहेरची रहदारी चाळणारी सरकारी यंत्रणा, वाटेतच बसलेली आहे. 8.8.8.8 ला (गुगलच्या डीएनएसला) गेलेली विचारणा वाचून ती खोटा पत्ता धाडते. तो आधी पोचतो. खरं उत्तर मागाहून आलं तरी कोणी विचारत नाही. खरा पत्ता मिळवलात तरी एचटीटीपीएसच्या (साइटशी होणाऱ्या एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक केलेल्या जोडणीच्या) सुरुवातीच्याच पॅकेटात साइटचं नाव उघडं असतं. ते बंदीच्या यादीत सापडलं की दोन्ही टोकांना 'जोडणी तोडा' असा बनावट संदेश (रीसेट) जातो. नाव झाकणारं ईएसएनआय तंत्र 2020 पासून सरसकट अडवलं जातं.

"व्हीपीएन टाका." व्हीपीएन म्हणजे सगळी रहदारी दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत नेणारा एन्क्रिप्टेड बोगदा. खरी मेख इथे आहे. ओपनव्हीपीएन या प्रचलित व्हीपीएनचा हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) सहज ओळखू येतो, म्हणून लोक फायरवॉल चुकवणाऱ्या शॅडोसॉक्स या साधनाकडे वळले: पहिल्या बाइटपासून सगळं एन्क्रिप्टेड, ओळखीची खूण नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये फायरवॉल नेमकं हे 'खूण नसणं'च पकडू लागली. पहिल्या पॅकेटात नेहमीच्या वेब जोडणीचा (टीएलएस-एचटीटीपीचा) मागमूस नाही, वाचता येण्याजोगी अक्षरं फारशी नाहीत आणि दर बाइटच्या आठ बिटांपैकी सरासरी 3.4 ते 4.6 बिट '1' आहेत, तर जोडणी बंद. त्या सर्व्हरच्या त्या पोर्टवर तुम्हाला पुढची 180 सेकंदं नवी जोडणीही मिळत नसे. गंमत म्हणजे हा सापळा परदेशी डेटा सेंटरांच्या ठरावीक पत्त्यांनाच लावलेला होता, आणि तिथेही साधारण चारातली एकच जोडणी अडकायची. त्यामुळे "माझं तर चाललं" म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच.

कायद्याचं म्हणाल, तर परदेशी जोडणीसाठी सरकारमान्य गेटवेच वापरायचा, हा नियम 1996 चा. मोडल्यास 15,000 युआनपर्यंत दंड. ॲपलने तिथल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप 2017 मध्येच काढली.

आणि व्हीपीएन उत्तम चालला तरी वीचॅट या चिनी चॅट ॲपची चाळणी सर्व्हरवर असते. नको असलेला मजकूर ग्रुपमध्ये टाकलात, तर तुमच्या पडद्यावर तो गेलेला दिसतो. समोरच्यांना पोचतच नाही. खातं +86 च्या (चिनी) नंबरवर उघडलेलं असेल, तर नंतर परदेशी नंबर जोडूनही ही चाळणी सुटत नाही.