पीएमपी फुकट केली म्हणून दुचाकी घरी राहणार नाही

पीएमपीचं, म्हणजे पुणे-पिंपरी-चिंचवडच्या सार्वजनिक बसचं, किमान भाडं 1 जून 2025 पासून पाचाचं दहा रुपये झालं, तेव्हापासून एक संदेश जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बस पूर्ण फुकट करा. लोक तिकीट महाग म्हणून दुचाकी काढतात, पीएमपी तशीही तोट्यातच आहे, एस्टोनियाची राजधानी टॅलिन आणि लक्झेंबर्ग या देशाने हे करून दाखवलंय, आणि गर्दी वाढली की बसही वाढतील. चारही मुद्दे बघू.

‘तिकीट महाग, म्हणून दुचाकी’

यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. 12 किलोमीटरला पीएमपीचं तिकीट 30 रुपये. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्या अंतराला रमारमी 28 रुपयांचं पेट्रोल खाते, आणि मागे कोणी बसलं तर माणशी 14 रुपयेच पडतात.

पण वेळेचा हिशोबही मांडा. स्कूटरने 35–40 मिनिटं. बसला थांब्यापर्यंत चालणं 8, वाट बघणं 15, आणि ताशी 12 किलोमीटरच्या वेगाने प्रवास 60 मिनिटं, म्हणजे 83 मिनिटं. तिकीट शून्य केलं तरी ही 83 मिनिटं तशीच राहतात. 30 रुपये वाचवायला जाताना 40 आणि येताना 40 मिनिटं कोण घालवेल? ज्याच्याकडे दुचाकी नाही तो. त्याला सवलत द्यायलाच हवी, पण तो आधीपासून बसमध्येच आहे, नाहीतर शेअर रिक्षात किंवा पायी.

‘तशीही तोट्यातच आहे’

तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 प्रमाणात भरतात. तिकीट बंद झालं की एकही बस न वाढवता ती तूट फुगते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात नवीन बसच्या मागणीवर पहिली कात्री लागते. तोट्यात असणं आणि उत्पन्न नसणं यात फरक आहे, एवढंच.

‘टॅलिन, लक्झेंबर्ग’

टॅलिनने 2013 मध्ये प्रवास फुकट केला तो शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांसाठी. त्यामुळे नोंदणी वाढली आणि रहिवाशांच्या आयकरातला वाटा शहराकडे आला. पुण्यात तशी करव्यवस्थाच नाही. शिवाय तिथल्या पाहणीत ठळक घट दिसली ती पायी चालण्यात, मोटारींत नाही. लक्झेंबर्गने 2020 मध्ये तिकीट रद्द केलं तेव्हा खर्चाचा दहावा भागही तिकिटातून येत नव्हता. सोडून देण्यासारखं त्यांच्याकडे फार काही नव्हतंच.

‘गर्दी वाढली की बस वाढतील’

हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण उलट घडलेलं उदाहरण शेजारीच आहे. मुंबईच्या बेस्ट बससेवेने जुलै 2019 मध्ये पहिल्या पाच किलोमीटरचं भाडं पाच रुपये केलं. स्टेशन ते घर या टप्प्यावर शेअर रिक्षा सोडून लोक बसकडे आले, प्रवासी झपाट्याने वाढले. बस मात्र एके काळी चार हजारांवर होत्या, त्या तीन हजारांच्या खाली आल्या. मे 2025 मध्ये भाडंही दुप्पट झालं. गर्दीने बस आणल्या नाहीत.

वर गर्दीमुळे बस हळू होते. एका माणसाला चढायला तीन सेकंद धरा. फेरीत 40 जण दोन-दोन थांब्यांसाठी जास्तीचे चढले की दोन मिनिटं गेली, उतरण्याचा वेळ वेगळा.

तेच पैसे कुठे घालावेत, हे फेरीच्या गणितातून दिसतं. 12 किलोमीटरचा मार्ग, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटांची विश्रांती. ताशी 12 च्या वेगाने जाऊन-येऊन फेरी 140 मिनिटांची. दर दहा मिनिटांना बस हवी तर 14 गाड्या लागतात. वेग 15 झाला की फेरी 116 मिनिटांची आणि 12 गाड्या पुरतात. दोन गाड्या, त्यांचे चालक-वाहक, एक रुपयाही न मोजता मोकळे झाले. हा वेग बससाठी राखीव मार्गिकेतून मिळतो, म्हणून ती उखडणं हे भाडेवाढीपेक्षा महाग पडतं, फक्त त्याचं बिल कुणाला दिसत नाही.

दुसरी गळती जोडगाड्यांची. दर दहा मिनिटांची बस दोन-दोनच्या जोडीने आली की प्रवाशाच्या लेखी ती वीस मिनिटांची झाली; सरासरी पाचऐवजी दहा मिनिटं वाट बघणं आलं. पुढची गाडी जास्त माणसं भरते म्हणून मागे पडते, मागची रिकामी असल्याने तिला गाठते. यावर उपाय म्हणजे मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर वाहतूक नियंत्रकाने मागच्या गाडीला दोन-तीन मिनिटं रोखणं, आणि टोकावरून वेळापत्रकापेक्षा पुढच्या गाडीपासूनचं अंतर बघून सोडणं. गाड्यांना जीपीएस आहे. त्याचा पडदा बघून गाडी थांबवण्याचा अधिकार मात्र कुणाला तरी द्यावा लागतो. टोकाची विश्रांती कापून कागदावर एक फेरी वाढवली, तर सकाळचा उशीर दुपारपर्यंत पुढे सरकत राहतो.

थांब्यासमोर दोन रिक्षा उभ्या असल्या की 12 मीटरची बस कडेला लागतच नाही. ती तिरकी उभी राहते, शेपटी मागची मार्गिका अडवते. चारशे मिलिमीटर उंचीची खालची पायरी दीडशे मिलिमीटरच्या पदपथावरून सहज चढता येते. रस्त्यावरून चढताना म्हातारं माणूस दांडा धरून क्षणभर थांबतं, आणि त्याच्यामागे सगळी रांग. अशा ठिकाणी पदपथच एका मार्गिकेएवढा पुढे काढला तर बसला वळावंच लागत नाही.

आणि भाड्यालाच हात घालायचा असेल तर पासाला घाला. 12 किलोमीटर रोज जाणाऱ्याचे दोन्ही वेळचे 60 रुपये होतात, दिवसाचा पास 70 चा. महिन्याला 25 दिवस धरले तर तिकिटं 1500 ची आणि मासिक पासही 1500 चाच! शिवाय सलग चार किलोमीटरला दहा रुपये, तेच दोन बस बदलून गेलात तर वीस. बदलीची बस 90 मिनिटांत फुकट आणि मासिक पास हजार-अकराशेचा केला, तर सवलत रोजच्या प्रवाशालाच मिळेल.