फायबरग्लास गंजत नाही, पण तेवढ्याने गाडी घरी नवी होत नाही

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटली की एक सल्ला हमखास पुढे येतो. तो इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवला आहे की आता त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. सल्ला असा: ‘फायबरग्लासच्या बॉडीची गाडी घ्या. फायबरग्लास गंजत नाही. वेल्डिंग नको, पत्राकाम नको. जुना रंग काढा, भेगांत लांबी (पुट्टी) भरा, बाजारात मिळेल ते रेझिन, मिळेल ती मॅट वापरा, घासा, रंग मारा. चार सुट्ट्यांत घरच्या गॅरेजमध्ये गाडी नवी.’

यातलं ‘गंजत नाही’ एवढं खरं आहे. पुढचा जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या गाड्यांची वाट लागते. घरी काम करू नका असं मी म्हणत नाही. फायबरग्लासचं काम घरी होतं आणि उत्तम होतं. म्हणूनच ते कसं होतं याबद्दलची दिशाभूल खपवून घ्यावीशी वाटत नाही. उदाहरणाला ब्रिटनची लोटस एलान घेऊ. १९६२ साली आलेली ही छोटी दोन आसनी गाडी १९७३ पर्यंत बनत होती आणि तिची बॉडी साच्यात हाताने मॅट-रेझिनचे (काचतंतूंची चटई आणि घट्ट होणारा चिकट द्रव) थर देऊन घडवलेली असे. जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे अमेरिकेची शेव्हर्ले कॉर्व्हेट घेऊ. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी या दोहोंपैकी एखादी दारात आणायच्या बेतात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचावं.

‘फायबरग्लास गंजत नाही, म्हणजे गंजाची चिंता मिटली’

बॉडी गंजत नाही, गाडी गंजते. एलानची बॉडी पोलादी पत्रा दुमडून केलेल्या कण्यासारख्या चासीवर बसते. इंजिन, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळं त्या चासीलाच जोडलेलं. तिचा पुढचा आडवा भाग पोकळ असून वर उघडणारे हेडलाइट चालवणाऱ्या निर्वात यंत्रणेची टाकी म्हणून तोच वापरलेला आहे. म्हणून एखाद्या एलानचे दिवे सुस्तावले असतील तर नुसती रबरी नळी बदलून समाधान मानू नका, ती टाकी आतून कुजून गळत नाही ना ते तपासा. त्याच भागाला पुढचं सस्पेन्शन टेकलेलं असतं.

याहून फसवा गंज खुद्द फायबरग्लासच्या पोटात असतो. बॉडी चासीला बोल्टने आवळता यावी म्हणून धातूच्या बॉबिन, म्हणजे रिळासारखे तुकडे, थरांमध्येच घातलेल्या असतात. पाणी पोचलं की त्या गंजतात, आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने भोवतालचं फायबरग्लास तडकतं. वरून दिसते ती बारीक भेग. सल्ला म्हणतो लांबी भरा. भरली तर आतली बॉबिन फुगतच राहते आणि भेग परत येते. एलान प्लस टू या चार आसनी भावंडाच्या दाराखाली तर पोलादी आधारपट्ट्याच आहेत. १९५७ ची लोटस एलाइट वेगळ्या चासीशिवाय, पूर्ण फायबरग्लासच्या सांगाड्यावर उभी केलेली धाडसी गाडी, पण तिच्यातही काचेच्या चौकटीत आणि पुढच्या सस्पेन्शनपाशी पोलाद चिकटवलेलं आहेच. आणि १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये समोरच्या काचेभोवती, दारांभोवती पोलादाचा पिंजरा आहे. तिथला गंज चकचकीत बॉडीखाली झाकलेला असतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी शिरतं, गालिचा ओला राहतो, आणि गाडी घेणारा मात्र ‘बॉडी काय सुंदर आहे’ म्हणत भोवती फिरत असतो.

पत्र्याच्या गाडीत गंज रंग फोडून बाहेर येतो. इथे तो शोधावा लागतो, आणि म्हणून चिंता कमी न होता वाढते.

‘भेगांत लांबी भरा’

हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बॉडी साच्यात बनते तेव्हा आधी साच्याला जेलकोटचा थर देतात, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात काचतंतू नसतात, नुसतं रेझिन. त्यामागे काचतंतूंच्या मॅटचे थर येतात, आणि ताकद त्या थरांत असते. जेलकोट कडक आणि ठिसूळ. आतून एखादा दगड आपटला, बॉनेट जोरात दाबलं, बोल्ट जास्त आवळला की मागचे थर वाकून पूर्ववत होतात, जेलकोटला मात्र चांदणीसारख्या पसरणाऱ्या भेगा पडतात. या वरवरच्या भेगा. थर आरपार तुटून पडणारी भेग ही वेगळी. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि लांबी हा त्यांपैकी एकीचाही इलाज नाही.

लांबी म्हणजे रेझिनमध्ये शंखजिऱ्यासारखी भुकटी. तिच्यात तंतू नसल्याने ताण पेलायची ताकद नाही. गाडी धावताना बॉडी लवते, भेगेच्या दोन्ही कडा हलत राहतात, आणि काही महिन्यांत तीच भेग नव्या रंगातून वर येते. शिवाय उघडी लांबी ओल शोषते.

भेग वरवरची की आरपार, हे आधी ठरवा. अंधारात आतल्या बाजूने दिवा धरा. रंग काढलेल्या फायबरग्लासमधून उजेड झिरपतो आणि तुटलेली जागा वेगळी दिसते. मग नाण्याने ठोकत जा. जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे थर एकमेकांपासून सुटलेले आहेत. भेग वरवरची असेल तर तेवढ्या भागाचा जेलकोट घासून पूर्ण काढायचा, निरोगी थरापर्यंत जायचं, तिथे पातळ काचतंतूंचा कागदासारखा टिश्यू रेझिनमध्ये भिजवून बसवायचा. नुसती भेगेची रेघ कोरून भागत नाही, कारण तिच्या शेजारी डोळ्याला न दिसणाऱ्या आणखी रेघा असतात.

आरपार भेगेला मागून सुरुवात. आतली बाजू तेल, चिखल, जुनं अंडरसील (गाडीच्या पोटाला लावलेला संरक्षक लेप) यांनी माखलेली असते. ती आधी पुसायची आणि नंतर घासायची. क्रम उलटा झाला तर तेल घासण्यातून तंतूंमध्ये दाबलं जातं आणि नवा थर पकड घेत नाही. मागून थर चढवून झाले की पुढून भेगेच्या दोन्ही बाजूंना उतार काढायचा. मजबुतीच्या जोडाला जाडीच्या बारापट उतार धरतात. तीन मिलिमीटरच्या पॅनेलला भेगेच्या प्रत्येक बाजूला छत्तीस मिलिमीटर. बोटभर भेगेसाठी तळहाताएवढी जागा घासायची हे पाहून नवख्याचा जीव वर-खाली होतो, पण जोडाला पकड मिळते ती त्या पसरट उतारावरच. उतारावर लहानापासून मोठे होत जाणारे मॅटचे तुकडे, प्रत्येक थरातली हवा रोलरने दाबून काढलेली. लांबी येते ती या सगळ्यानंतर, पृष्ठभागाच्या शेवटच्या बारीक खळग्यांपुरती.

‘जुना रंग काढायचा’

कशाने, हे सल्ला सांगत नाही. पत्र्यावर चालणारं रंग काढायचं रसायन रेझिनही मऊ करतं, थरांत शिरून बसतं, आणि नवा रंग लागल्यावर फोड होऊन बाहेर येतं. वाळूच्या माऱ्याने जेलकोट उडतो आणि तंतू उघडे पडतात. मोठ्या ग्राइंडरने मूळ रेषाच बदलतात. कॉर्व्हेटचे जुने जाणकार धारदार पात्याने रंगाचे थर खरवडून काढतात आणि उरलेला हाताने घासतात. कंटाळवाणं काम आहे, पण खालच्या बॉडीचा सगळा इतिहास त्यातच उलगडतो. जुनी दुरुस्ती, जुना अपघात, बदललेलं अख्खं नाक, सगळं दिसतं.

‘बाजारात मिळेल ते रेझिन, मिळेल ती मॅट’

साध्या तुटक तंतूंच्या मॅटला धरून ठेवणारा चिकट पदार्थ सहसा पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळतो. मगच मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये स्टायरीन नसतं, त्यामुळे तीच मॅट ताठ राहते. इपॉक्सी वापरायचं तर विणलेलं किंवा शिवलेलं काचकापड घ्या. जुन्या, वाळून कडक झालेल्या पॉलिस्टरला नवं पॉलिस्टर रासायनिकरीत्या जुळत नाही, ते फक्त घासलेल्या खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. म्हणून घासण्यात कुचराई चालत नाही. इपॉक्सीची पकड जास्त चांगली असते, पण त्यावर लगेच पॉलिस्टरची लांबी ओढली तर सांध्यात ती नीट घट्ट होत नाही. आधी पाण्याने धुऊन, घासून घ्यावं लागतं.

कॉर्व्हेटवाल्यांनी इथे जास्त जपावं. १९५३ च्या पहिल्या तीनशे गाड्यांपासून तिची बॉडी फायबरग्लासची आहे, पण १९७० च्या दशकात तिची पॅनेलं वेगळ्या पद्धतीने, रेझिन आधीच मुरवलेल्या काचतंतूंच्या चादरी गरम साच्यात दाबून बनू लागली. त्या दाट, साच्यातून सुटण्यासाठीचे पदार्थ पोटात असलेल्या पॅनेलवर साधं पॉलिस्टर नीट धरत नाही, त्यासाठी ठरलेली इपॉक्सी किंवा व्हिनाइल एस्टर हे तिसरं रेझिन लागतं. एलानवर जमलेली रीत तशीच तिथे नेली की जोड काही काळाने सोलून निघतो.

पॉलिस्टर रेझिन घट्ट करणारा हार्डनर एक ते दोन टक्के, वजन करून. अंदाजाने नाही. हा पेरॉक्साइडचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, तेव्हा चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. मोठ्या डब्यात एकदम रेझिन कालवलं तर ते आपल्याच उष्णतेने तापून धुमसायला लागतं. थोडं थोडं कालवा. स्टायरीनची वाफ एकतीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणून गॅरेजमध्ये हीटरची ज्योत नको. आणि हवा कोरडी हवी. कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कारागीर भर पावसात ओलसर मॅटवर रेझिन लावणार नाही, तोच नियम इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या ओलसर नोव्हेंबरला लागू.

‘चार सुट्ट्यांत’

चासीवरून उतरवलेली एलानची बॉडी हलकी असते, दोन-तीन माणसं सहज उचलतात. याच सोपेपणात घात आहे. चासी गेली की तिचा ताठपणाही गेला. दोन लाकडी घोड्यांवर कशीबशी टेकवून मोठी भेग भरलीत, तर ती जशी पिळली गेली असेल त्याच आकारात कायमची घट्ट होते. मग दार लागत नाही, बॉनेटची फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मोठी दुरुस्ती बॉडी चासीवर बोल्टने बसवून, किंवा माप घेऊन बांधलेल्या चौकटीवरच करायची. दारं, बॉनेट, डिकीचं झाकण जागेवर लावून फटी पाहत राहायच्या, त्यानंतरच मॅट कापायची.

शिवाय रेझिन हाताला वाळलेलं लागलं तरी पुढे कित्येक दिवस आकसत असतं. घाईने प्रायमर आणि रंग चढवला तर उन्हात दोन-तीनदा तापल्यावर मॅटचे तंतू चकचकीत रंगाखाली उमटतात. दुरुस्त बॉडी उबदार जागी पुरेसे दिवस राहू द्या, नंतर शेवटचं घासकाम करा. यात सुट्ट्या मोजू नका, ऋतू मोजा.

‘रंग मारा’

इथे मात्र मी घरच्या कामाला स्पष्ट नाही म्हणेन. आजचे टिकाऊ टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायचे) रंग आयसोसायनेट हे रसायन असलेल्या हार्डनरने घट्ट होतात. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याचं हे एक प्रमुख कारण आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा ओढून घेणारं बूथ (रंगकामाची बंद खोली) यांची जागा कोणताही साधा मास्क घेत नाही. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये फवारा मारला तर तो दाराखालून मुलांच्या खोलीत जातो. घासून, प्रायमरसाठी तयार केलेली बॉडी बूथवाल्याकडे न्या. भट्टीचं तापमान किती ठेवणार हे आधी विचारा, कारण साधं पॉलिस्टर साठ-सत्तर अंशांपाशी मऊ पडायला लागतं.

रंगानंतरची एक छोटी गोष्ट: फायबरग्लासमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, काट्यांना स्वतंत्र अर्थची तार लागते. जोडणी करताना ती विसरली की मंद दिवे आणि वेडेवाकडे नाचणारे काटे दिसतात, आणि लोक विनाकारण डायनॅमो बदलतात.

हे सारं वाचून कोणी उलट टोक गाठेल, की मग सगळंच व्यावसायिकाकडे द्यावं. तेही पटत नाही. या कामात महागडं यंत्र जवळजवळ काहीच नाही. वजनकाटा, रोलर, पॉलिश पेपर, चांगला मास्क, आणि तास. कार्यशाळेत पैसे जातात ते याच तासांचे, आणि घाईतल्या कार्यशाळेत कापले जातात तेही हेच तास. आपली गाडी आपण घासतो तेव्हा ते कापायचं कारण नसतं. सुरुवात बॉनेटवर करू नका. भंगारातून त्याच काळातलं एखादं मोडकं फायबरग्लास पॅनेल मिळवा, मुद्दाम तोडा, बारापट उतार काढून जोडा, आठवडाभराने गुडघ्यावर ठेवून वाकवा. ते जोडाच्या जागी न तुटता दुसरीकडे तुटलं, की गाडीला हात लावा.