शिपायाचा पगार: २७,००० आणि १५,००० ची चुकीची तुलना

कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. "शिपायाचं मूळ वेतन कर्नाटकात २७,०००, केंद्रात १८,०००, महाराष्ट्रात फक्त १५,०००. आपला शिपाई जवळपास निम्म्या पगारात राबतो. राज्यातही सगळीकडे एकच पगार. समान काम, समान वेतन, कोर्टात गेलो की मिळेलच!" आकडे खरे आहेत, पण त्यांतून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

आधी 'निम्मा पगार'. आपले १५,००० हे जानेवारी २०१६ पासूनच्या वेतनश्रेणीतले. कर्नाटकाने ऑगस्ट २०२४ पासून नवी श्रेणी दिली, तेव्हा ३१ टक्के महागाई भत्ता मूळ वेतनातच मिसळला आणि भत्त्याची मोजणी नव्याने सुरू केली. जानेवारी २०२५ च्या दरांनी मांडून बघा. आपल्याकडे ५५ टक्के भत्ता धरून २३,२५० होतात, तिकडे १२.२५ टक्के धरून ३०,३०७. म्हणजे तिकडे ३० टक्के जास्त. हा फरक थोडा नाही, पण दुप्पटही नाही. शिवाय घरभाडे भत्ता बंगळुरूत २० टक्के, म्हणजे ५,४०० रुपये, आणि मुंबईत किमान तेवढाच.

केंद्राशी तुलना मात्र सरळ होते. श्रेणी त्याच तारखेची, महागाई भत्त्याची टक्केवारी तीच, तरी १५ आणि १८ हजार. भांडायचं तर इथे भांडावं. त्यात भत्त्याची वाढही उशिरा येते: जानेवारी २०२५ ची वाढ राज्यात ऑगस्टमध्ये मिळाली.

कोर्टाचं म्हणाल तर त्या भरवशावर वर्गणी काढू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जगजित सिंग निकालात हंगामी कर्मचाऱ्यांना समान वेतनाचा हक्क दिला, पण त्याच निकालात हेही नोंदवलं की वेगळ्या व्यवस्थापनाखालच्या आस्थापनांतल्या पदांशी अशी तुलना होत नाही. राज्य आणि केंद्र हे दोन वेगळे मालक आहेत.

'सगळीकडे एकच पगार' हेही खरं नाही. घरभाडे भत्ता शहराप्रमाणे ३०, २० किंवा १० टक्के मिळतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागासाठी ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर (म्हणजे एक पायरी वरच्या पदाची) वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता ठरवला. पण त्या भत्त्याला कमाल मर्यादा १,५०० रुपयांची. आजच्या १५,००० वर १५ टक्के म्हणजे २,२५० होतात. गडचिरोलीतल्या भामरागडच्या शिपायाचं नुकसान या मर्यादेत आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही.