‘पंख लावलेली बस’ : एका कॅप्टनच्या प्रतिक्रियेला उत्तर

कॅप्टनसाहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वेळी चिडलो. दुसऱ्या वेळी शेवटच्या दोन ओळींपाशी थांबलो आणि चीड ओसरली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खासगी जेटवरची कॅप्टनकी सोडून मी 41 व्या वर्षी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा उजव्या खुर्चीतला पायलट, म्हणून का गेलो, हे मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, मी अर्धंच चित्र दाखवलं. 2020 मध्ये कोविडमुळे एअरलाइनचे पायलट घरी बसले होते, तेव्हा तुमच्या मालकांनी एकाचाही पगार अडवला नाही. एअरलाइन म्हणजे तुमच्या शब्दांत ‘पंख लावलेली बस’. ज्या माणसाने मला नऊ वर्षं सांभाळलं त्याच्याशी मी कृतघ्नपणा केला, असंही तुम्ही म्हणता. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं: तुमचा 29 वर्षांचा को-पायलट माझं ऐकून एअरलाइनच्या मुलाखतीची तयारी करतोय.

आधी 2020. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझी चूक आहे. त्या वर्षाबद्दल मी एक वाक्य लिहून पुढे गेलो, ते मला सोयीचं होतं म्हणून. मार्चच्या 5 तारखेला ब्रिटनची फ्लायबी एअरलाइन बंद पडली, एप्रिलमध्ये व्हर्जिन ऑस्ट्रेलिया प्रशासकाच्या ताब्यात गेली, आणि ज्या कंपन्या टिकल्या त्यांनीही माणसं कमी केली. खासगी जेट मात्र लवकर हलू लागली, कारण ज्यांना परवडत होतं त्यांना गर्दीत बसायचं नव्हतं. 2001 नंतर स्विसएअर गेली, 2019 च्या 17 एप्रिलला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. एअरलाइनची नोकरी पक्की असते असं मी सुचवलं असेल, तर ते मागे घेतो. तिथला सीनियॉरिटी नंबर, म्हणजे रुजू होण्याच्या तारखेवरून ठरणारा रांगेतला क्रमांक, कंपनी जिवंत असेपर्यंतच नंबर असतो. कंपनी गेली की दुसरीकडे पुन्हा तळापासून सुरुवात, मग तुमचे तास दहा हजार का असेनात.

पण तुमच्या मालकांचं उदाहरण मला उलटीकडूनही वाचता येतं. त्यांनी पगार अडवला नाही, कारण त्यांनी तसं ठरवलं. मालक उलटंही ठरवू शकतो. नोव्हेंबर 2008 आठवा. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला गेले आणि वेगवेगळ्या खासगी जेटने गेले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या महिन्यात ते मोटारीने आले. त्यानंतर कित्येक कंपन्यांना आपलं विमान लोकांच्या नजरेत नको झालं. जी विमानं विकायला निघाली त्यांच्या पायलटांनी काय बिघडवलं होतं?

माझी पहिली नोकरी अशीच गेली. आम्ही दोघं एका विमानतळावर चार दिवस वाट बघत बसलो होतो. फोन आला, ‘रिकामंच परत या.’ कंपनी विकली गेली होती आणि नव्या मालकांच्या हिशेबात विमान बसत नव्हतं. इंजिनांची कव्हरं, लॉग, हेडसेट सगळं मोजून ताब्यात दिलं. निरोपाला मला चांगलं घड्याळ मिळालं, ते अजून चालतं. हातात टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवण्याची परवानगी, होतं, पण त्या जातीची विमानं इतकी थोडी की सहा महिने कुणी विचारलं नाही.

आता कृतघ्नपणा. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही नेम धरून मारलंत आणि बाण शेजारी लागला.

दुसऱ्या नोकरीतले मालक सज्जन होते. नऊ वर्षांत आवाज चढवला नाही. माझ्या घरच्यांची नावं त्यांना पाठ होती. एका हिवाळ्यात डोंगरातल्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं होतं आणि ढग मिनिमाच्या, म्हणजे उतरायला परवानगी असलेल्या किमान उंचीच्या, आसपास खेळत होते. ते पडदा सारून पुढे आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘आज जमेल ना?’ एवढंच. हुकूम नव्हता, धमकी नव्हती. माझ्या पहिल्या मालकांनी दरडावलं असतं तर मी ताडकन नाही म्हटलं असतं. या माणसाला नाही म्हणताना घसा कोरडा पडला. विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं, ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी जेवायलाही बोलावलं. पण त्या रात्री मला कळलं की त्यांचं ऋण माझ्यासोबत कॉकपिटमध्ये बसतं. नाही म्हणायला मला जी दहा सेकंदं लागली, ती हवामानाने घेतली नव्हती.

अमेरिकेतल्या ॲस्पेनच्या अपघाताची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. 29 मार्च 2001, भाड्याने घेतलेलं गल्फस्ट्रीम 3 हे खासगी जेट, संध्याकाळ, बर्फ, आणि रात्रीच्या लँडिंगबंदीची वेळ जवळ आलेली. 18 माणसं गेली. तपासात ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेल्या दबावाचा स्पष्ट उल्लेख आहे. ती बातमी वाचताना आपण दबाव म्हणजे आरडाओरडा समजतो. मी नऊ वर्षं ज्या दबावाखाली उडवलं त्याला लोक जिव्हाळा म्हणतात.

तुम्ही लिहिलंत की कॉकपिटच्या बंद दाराआडच्या प्रवाशांचा चेहराही मला दिसत नाही. खरं आहे. ते मजबूत दार 2003 च्या नोव्हेंबरपासून मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं, ते हल्लेखोरांना अडवण्यासाठी. मला त्याचा वेगळाच उपयोग होतो. मागे 180 माणसं बसतात आणि त्यांतल्या एकाचाही मी मिंधा नसतो. गो-अराउंड, म्हणजे उतरता उतरता पुन्हा वर जाणं, केला तर केला. घोषणेत दोन वाक्यं बोलतो आणि दुसऱ्यांदा येतो. कुणी पडदा सारत नाही.

याची किंमत मोजावी लागत नाही असं नाही, आणि ती मी मागच्या वेळी लिहिली नाही. एअरलाइनमधल्या दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले. महिन्याच्या ड्यूट्यांचं रोस्टर निघालेलं होतं. मी अदलाबदल मागितली. माझ्या नंबरच्या माणसाला मिळते तेवढीच मिळाली, म्हणजे नाही. जुन्या मालकांना नुसतं कळलं असतं तर त्यांनी मला घरी पाठवून बदली पायलट भाड्याने आणला असता. नियमाला माझ्याशी वैर नव्हतं आणि माया तर नव्हतीच. मालकाची मर्जी आणि नियमाचा कागद यांतलं एक निवडायचं असतं. मी कागद निवडला, आणि त्या आठवड्यात मला तो फाडावासा वाटला.

मालकाच्या कधीही येणाऱ्या फोनबद्दल जे लिहिलं, त्यावरून मात्र मी मागे हटणार नाही. खासगी जेटवर मी वर्षाला साडेतीनशे तासांच्या आसपास उडायचो, इथे त्याच्या दुप्पट. कायद्याची वर्षाची मर्यादा बहुतेक ठिकाणी हजार तासांच्या आसपास असते. कागदावर जुनी नोकरी निवांत दिसते. पण ते साडेतीनशे तास कधी पडतील हे माहीत नसल्यामुळे उरलेलं सगळं वर्ष बॅग दारात आणि फोन उशाशी असायचा. लग्नाला गेलो तरी दाराजवळची खुर्ची. आता दमतो जास्त. पण पुढच्या महिन्यात कुठल्या दिवशी दमणार ते आधी कळतं. तुमच्याकडे चार पायलट आणि दोन विमानं आहेत, रजा ठरलेली आहे, असं तुम्ही लिहिलंत. मग तुमची नोकरी माझ्यासारखी नव्हतीच. ‘कॉर्पोरेट फ्लाइंग’ या एका नावाखाली इतकी वेगवेगळी घरं आहेत की मी सरसकट लिहायला नको होतं.

बस म्हणालात, त्याचं वाईट वाटलं नाही. पहिले सहा महिने मीही तेच म्हणत होतो. खासगी जेटवर फ्लाइट प्लॅन, परवानग्या, इंधन, खाणंपिणं, बॅगा, कधीकधी टॉयलेटसुद्धा आपलंच. आज एक शहर, उद्या स्वित्झर्लंडमधलं सामेदान: 5,600 फुटांवरची धावपट्टी, चहूबाजूंनी डोंगर. 45 हजार फुटांवरून खालची ढगांची भिंत ओलांडताना जे वाटतं ते आता वाटत नाही. आता मी त्या भिंतीला वळसा घालणाऱ्यांच्या रांगेत असतो. तो सगळा हुन्नर मी गमावला. भरपाई म्हणून काही मिळालं असं खोटं बोलणार नाही.

पण ‘तेच ते पोपटासारखे कॉलआउट’ म्हणून, म्हणजे पायलटांनी एकमेकांना मोठ्याने सांगायच्या ठरलेल्या वाक्यांना, तुम्ही हसलात, तिथे अमेरिकेतल्या बेडफर्डचा अपघात आठवा. 31 मे 2014, गल्फस्ट्रीम 4. गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावायची कडी, काढायचाच राहिला आणि विमान धावपट्टी संपेपर्यंत उठलं नाही. सात माणसं गेली. दोघं पायलट अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडवणारे. रेकॉर्डर तपासला तेव्हा दिसलं की आधीच्या 175 टेकऑफपैकी 98 टक्के वेळा कंट्रोल्सची पूर्ण तपासणी झालीच नव्हती. ते बेफिकीर गडी होते असं मला वाटत नाही. एकमेकांना इतके ओळखत होते की विचारायची गरज संपली होती. माझी आणि माझ्या जुन्या को-पायलटची जोडी अशीच होती. अर्धी चेकलिस्ट आम्ही भुवयांनी करायचो. एअरलाइनमध्ये आज शेजारी बसलेला माणूस मला पुन्हा वर्षभर भेटणार नाही. त्यामुळे त्याला सगळं मोठ्याने सांगावं लागतं. पोपटपंचीच आहे ती, आणि मला हवी आहे.

पैशांचं तुम्ही विचारलंत. पहिली काही वर्षं घट, पुढे कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्यावर भरून निघते. कर्जाचा हप्ता त्या घटीत बसतो का, एवढंच बघायचं.

आता तुमचं. तुम्ही 54 वर्षांचे आहात असं लिहिलंत. मला विचाराल तर जाऊ नका. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत दोन पायलटांच्या विमानासाठी वयाची मर्यादा 65 आहे. 2006 मध्ये ती 60 वरून वाढवली. म्हणजे हाती 11 वर्षं, त्यातली पहिली उजव्या खुर्चीत, स्टँडबायवर (बोलावलं तर लगेच निघायच्या तयारीत), निम्म्या वयाच्या कॅप्टनला ‘चेक्ड’ म्हणत. मालकाने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेलं विमान पुष्कळ देशांत या मर्यादेत येतच नाही. वैद्यकीय तपासणी पास होईल तोवर उडता येतं. तुमचा मालक भला आहे, रजा ठरलेली आहे. माझा हिशेब तुमचा नाही.

तुमच्या को-पायलटचा हिशेब मात्र वेगळा. त्याच्यापुढे 36 वर्षं आहेत, आणि जिथे सीनियॉरिटीवर सगळं चालतं तिथे रुजू होण्याची तारीख नंतर विकत मिळत नाही. तो वर्षभर थांबला तर त्या वर्षात रुजू झालेले सगळे, रजा असो, बेस (ज्या शहरातून ड्यूटी सुरू होते ते) असो की कमांड, कायम त्याच्या पुढे. काही कंपन्यांत कमांडला तास आणि मूल्यमापनही लागतं, पण रांग असतेच. त्याने माझं ऐकून जाऊ नये. जिथे जातोय तिथल्या दोन-तीन तरुण फर्स्ट ऑफिसरांना गाठून विचारावं: स्टँडबाय किती पडतात, बेस कधी मिळाला, ट्रेनिंगचा बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा. आणि तुमच्याकडचा बाँड उरला असेल तर आधी तो नीट वाचावा.

तुम्हाला त्याचा राग आलाय असं तुम्ही लिहिलं नाही, पण वाचताना कळलं. मी निघालो तेव्हा माझ्या मालकांनाही आला होता. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या उड्डाणतासांचं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यासकट, टेबलावर ठेवलेलं होतं. पुष्कळ ठिकाणी हाच कागद महिनोन्‌महिने अडवतात आणि पोराची बॅच निघून जाते.

त्याचं प्रमाणपत्र तेवढं या आठवड्यात करून द्या. आणि मुलाखतीपूर्वी एक संध्याकाळ त्याच्यासोबत बसा. ‘सध्याची नोकरी का सोडताय?’ हे त्याला विचारणारच. तेव्हा तुमच्या मालकाबद्दल वाईट न बोलता खरं कसं सांगायचं, हे त्याला माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं शिकवाल.