‘पाच मिनिटांत माणूस कळतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारून गुण द्या, असं मी सुचवलं होतं. त्यावर ‘पंचवीस वर्षं माणसं घेतोय, समोर बसला की पाच मिनिटांत कळतो. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून गुण द्यायचे म्हणजे तलाठी भरतीच झाली,’ असं तुम्ही लिहिलंत. तलाठी भरतीत मुलाखत नसतेच, पण टोला आवडला.

पाच मिनिटांत कळतो, हे ताडून कसं पाहिलंत? ज्याला घेतलं त्याचं काम दिसतं. ज्याला चहा पाजून परत पाठवलं, तो भोसरीतच दुसऱ्या शेडमध्ये उत्तम सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) झाला असला, तरी आपल्याला पत्ता नसतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो पत्ता लागला. 1979 साली 150 जणांचे प्रवेश झाल्यावर टेक्सासच्या विधिमंडळाने आणखी 50 जागा भरायला लावल्या. उरले होते ते यादीच्या तळाचे, बहुतेक मुलाखतीमुळेच मागे पडलेले. पुढे शिक्षणात आणि रुग्णालयातल्या कामात दोन्ही गट सारखेच निघाले.

दुसरा आक्षेप, ठरावीक प्रश्नांनी मुलाखत घेणाऱ्याचं यंत्र होतं. हीच कुरकुर 1950च्या दशकात इस्रायली सैन्यात डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने ऐकली होती. त्याने भरतीच्या मुलाखतीत तपासायचे सहा स्वभावगुण ठरवून दिले होते. एका स्वभावगुणाचे प्रश्न संपले की लगेच आकडा टाकायचा, मगच पुढे जायचं. लोक फारच चिडले तेव्हा त्याने तडजोड केली: सगळं झाल्यावर डोळे मिटा आणि हा कसा सैनिक होईल, त्याचा एक आकडा द्या. नंतर पाहिलं तर हा शेवटचा अंदाजही सहा आकड्यांच्या बेरजेइतकाच बरोबर येत होता. तेव्हा तुमची नजर मोडीत काढा असं मी म्हणतच नाही, ती शेवटी वापरा. ‘गाव कुठलं, कुणाच्या ओळखीने आलास’ इथेच मत बनलं, की उरलेली मुलाखत आपण त्याच मताला पुरावे गोळा करत बसतो.

मशीन ऑपरेटर घेताना तर मी बोलण्यापेक्षा ट्रायलवर जातो. ड्रॉइंग, तयार जॉब (मशीनवर घडवलेला भाग) आणि मायक्रोमीटर समोर ठेवायचा आणि माप घे म्हणायचं. कसलेला गडी आधी मायक्रोमीटरची टोकं पुसतो, बंद करून शून्य बघतो, रॅचेटने (जास्त दाब पडू न देणाऱ्या फिरकीने) हळूच टेकवतो. दुसरा सी-क्लॅम्पसारखा आवळतो आणि धडाधड माप सांगून मोकळा होतो. बोलण्यात बहुधा हा दुसराच भाव खाऊन जातो.

वेळ कुठून आणायचा, हेही विचारलंत. ट्रायल सुपरवायझरकडे सोपवा. प्रश्न पाच-सहाच ठेवा, पण आकडे उमेदवार दाराबाहेर पडताच लिहा. संध्याकाळी लिहायला बसलात, तर शेवटचे दोघेच डोळ्यांसमोर असतात.